भाऊबीजेचे भुजिंग

दिवाळीच्या अंकात कोंबडीविषयी लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. मुखपृष्ठावर पणती, पहिल्या पानावर संपादकांच्या शुभेच्छा, शेवटी राशिभविष्य. आणि अंक ज्या तिवईवर पडलेला असतो तिच्यावरच चकल्यांची ताटली. अशा सात्त्विक वातावरणात निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीचा धूर सोडणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण वाचकांनी छातीवर हात ठेवून सांगावे. लाडू, करंज्या, अनारसे आणि शंकरपाळे यांची तीन दिवस मनोभावे सेवा केल्यावर चौथ्या दिवशी जिभेला काही तरी झणझणीत हवेसे वाटते की नाही? निदान आमच्या घरात तरी वाटे. आमच्याकडे फराळ म्हणजे नुसते नमन. खरी दिवाळी भाऊबीजेच्या संध्याकाळी अर्नाळ्याच्या वाळूत, वर्तमानपत्राच्या कागदावर साजरी होई, आणि तिचे नाव होते भुजिंग.

वसई-विरारकडच्या माणसाला हा शब्द ऐकताच तोंडाला पाणी सुटेल. बाकीच्यांना ते एखाद्या नागाचे नाव वाटण्याचा संभव आहे. एकदा कोणा परगावच्या पाहुण्याला मी सांगितले, “भुजिंग म्हणजे कोंबडी घातलेले पोहे.” त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बरोबरच आहे. पोहे हा मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातला सोज्ज्वळ पदार्थ. त्याची कोंबडीशी सोयरीक कोण जुळवणार? परंतु ही सोयरीक जुळली आहे आणि चांगली नांदतेही आहे. कोंबडीचे लहान लहान तुकडे मसाला लावून निखाऱ्यावर भाजायचे, आणि मग कांदा, बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर नि पोहे यांच्यासह मोठ्या भांड्यात तेल-मसाल्यावर परतायचे, एवढीच तिची कृती. ज्याला ती साधत नाही त्याचे पोहे चिवट होतात नाही तर त्यांचा लगदा होतो. ज्याला साधते त्याच्या हातचा प्रत्येक पोहा सुटा असतो, आणि तरीही कोंबडीचा सगळा रस पिऊन तट्ट झालेला असतो. खरे मर्म पोह्यातच आहे. जाणता माणूस कोंबडी दुसऱ्याला वाढतो आणि तळाचे पोहे आपल्याकडे ओढतो.

विरारच्या पश्चिमेला आगाशी नावाचे गाव आहे, तिथले भुजिंगचे दुकान १९४० सालापासूनचे. आगाशी तशी त्याहून फार जुनी. पोर्तुगिजांच्या काळात इथे गलबते बांधली जात. पुढे पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्यांनी गाव भरले, आणि राजेळी केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांनी त्याचे नाव मुंबईपर्यंत नेले. पण माणसाच्या आठवणीत गाव राहते ते वासाने. आमच्या लेखी आगाशीचा वास म्हणजे कोळशावर टपकलेल्या चरबीचा वास. दुकानाच्या अलीकडच्या वळणावरच तो भेटायला येई आणि बोट धरून आम्हांला दारापर्यंत नेई. तिथे वजनावर भुजिंग घ्यायचे, पुडके छातीशी धरायचे आणि ते निवायच्या आत अर्नाळ्याचा किनारा गाठायचा, अशी आमची रीत. किनारा तिथून थोड्याच अंतरावर. पण हातात गरम पुडके असले म्हणजे थोडे अंतरही फार वाटते.

आता आम्ही भिवंडीची माणसे दरवर्षी आगाशीला का जात होतो, ते सांगितले पाहिजे. आगाशी हे आईचे माहेर. तिच्या भावाची, म्हणजे माझ्या मामाची, तिथे लहानशी वाडी होती. चार नारळ, थोडी केळी, एक विहीर. भाऊबीजेला बहीण भावाकडे निघाली की बहिणीचे सगळे लटांबर मागोमाग निघे. बाबा, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई.

भिवंडीला समुद्र नाही, खाडी आहे. बंदर मोहल्ला नावाची वस्ती आहे, आणि त्या नावात गलबतांची आठवण उरली आहे. बाकी सगळे शहर मागांचे. आमच्या घरामागेच बाबांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली दोन रांगांत बसवलेले आठ यंत्रमाग. ज्याने यंत्रमागाजवळ बालपण काढले नाही त्याला त्या आवाजाची कल्पना द्यायची म्हणजे कठीण आहे. धोटा डावीकडून उजवीकडे जातो, ठाण्! उजवीकडून डावीकडे येतो, ठाण्! एका मिनिटात शंभराहून अधिक वेळा, आणि असे आठ माग एकदम. त्यामुळे भिवंडीची माणसे बोलत असली तरी परगावच्या पाहुण्यांना ती भांडताहेत असे वाटते. आमच्या घरी लाजरी नवी नवरीसुद्धा महिनाभरात हाळी घालायला शिकली असती.

दुसरी गोष्ट सुताच्या तुसाची. मागावरून सुताचा बारीक कापूस सारखा उडे आणि सगळ्या घरावर हळूहळू उतरे. देवाच्या फोटोवर, पाण्याच्या हंड्यावर, बाबांच्या भुवयांवर. दिवाळीत आई करंज्या पसरून ठेवी तेव्हा त्यांवर फडके घाली, आणि फडक्यावर वर्तमानपत्र घाली. एवढे करून करंजी तोंडात घातली की जिभेला एक तरी धागा लागेच. “भिवंडीची करंजी आहे ही,” बाबा म्हणत, “ताणा-बाणा असायचाच.”

तीस वर्षे त्या आवाजात उभे राहून बाबांचे कान जवळजवळ गेले होते. ते ही गोष्ट कबूल करीत नसत. किनाऱ्यावर पोचले की हात कमरेवर ठेवून समुद्राकडे पाहत उभे राहत आणि आईला विचारीत, “अगं, आज बंद आहे का हा?” आठवड्याची सुट्टी असली म्हणजे माग बंद असतात, तसा समुद्रही आज सुट्टीवर आहे की काय, असा त्यांचा प्रश्न. लाटा तर समोर फुटताना दिसत. आई मोठ्याने सांगे, “चालू आहे हो! चांगला चालू आहे!” मग त्यांचे समाधान होई. अनेक वर्षे मला हा विनोदच वाटे. त्यांना समुद्र खरोखरीच ऐकू येत नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

भिवंडीहून आगाशीला जायचे म्हणजे तेव्हा निम्मा दिवस मोडे. पहाटे एस.टी.ने वज्रेश्वरी, तिथून शिरसाडवरून विरार, आणि पुढे टांगा. दिवा-वसई लोहमार्गावर भिवंडी रोड स्टेशन झाले ते पुढे. वज्रेश्वरीला गाडी बदलताना आई आम्हांला देवीच्या पायऱ्या चढायला लावी. वसईचा किल्ला घेता आला तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी या देवीला केला होता, आणि १७३९ साली वसई पडल्यावर तो फेडला, ही हकीकत ती दरवर्षी त्याच पायरीवर सांगे. नवस बोलावा तर असा, आणि फेडावा तर असा, हे तिचे तात्पर्य. आमचे लक्ष तात्पर्याकडे नसे. पुढच्या गाडीत खिडकी मिळते की नाही, याकडे असे.

दुपारी मामाकडे ओवाळणी होई. आई भावाला ओवाळी, ताई मला ओवाळी, मामा आईच्या ताटात साडी ठेवी, आणि मी ताईच्या ताटात बाबांनी दिलेले पाच रुपये ठेवी. ती भाऊबीज सोमवारी किंवा गुरुवारी आली तर मात्र अनर्थ होई. त्या वारी आमच्याकडे सामिष चालत नसे. मग भुजिंग दुसऱ्या दिवसावर जाई, आणि आम्ही ती रात्र पंचांगकर्त्याला शिव्या मोजीत मामाच्या पडवीत काढीत असू.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. एका बाजूला कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा उग्र दर्प, आणि समोर पाण्यात बेटावरचा किल्ला. पहिल्या बाजीरावाच्या वेळी मराठ्यांनी तो नव्याने बांधला. किल्ल्यावर आम्ही एकदोनदा होडीने गेलोही होतो. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी इतिहासाची ओढ कोणाला नसे. सुरूच्या आडोशाला वाळूत वर्तमानपत्राचा मोठा कागद पसरायचा आणि त्यावर पुडके सोडायचे. वारा इतका की कागद क्षणभर स्थिर राहील तर शपथ. वाळूत दगड नाही. म्हणून बाबांनी एक युक्ती काढली होती. कागदाला कोपरे चार, आणि आम्ही माणसे चार. प्रत्येकाने एका कोपऱ्यावर गुडघा टेकून बसायचे. खाऊन होईपर्यंत कोणी हलायचे नाही. ताईला पाण्याशी जावेसे वाटो, मला कुत्र्याला हुसकावेसे वाटो. एक जण उठला की चौघांचे जेवण उडून जाणार.

मी पुढे लग्नकार्यांत पुष्कळ पंक्ती पाहिल्या. चांदीचे ताटही एकदा नशिबी आले. पण कोणत्याही पंक्तीत माणसे इतकी एकमेकांवाचून अडलेली मी पाहिली नाहीत. गुडघ्याला गुडघा लागलेला, चार हात एकाच ढिगात, डोळ्यांत मिरचीचे पाणी, दातांखाली अधूनमधून वाळूचा कण. तुसाची आम्हांला सवयच होती. वाळूचा कोणी बाऊ करीत नसे. आई एरवी सगळ्यांना वाढून मग स्वैपाकघरात एकटी जेवणारी बाई. वर्षातून या एकाच संध्याकाळी ती आमच्याबरोबर, आमच्याइतकेच भराभर, बोटे चाटीत जेवे. भाजताना करपलेले पोह्यांचे काळे खरपूस तुकडे तिला फार आवडत. बाबा बोलता बोलता ते वेचून तिच्या बाजूला सारीत. कागद संपता संपता तेलाने पारदर्शक होई, आणि मग बाबा त्यावरची बातमी मोठ्याने वाचून दाखवीत. बातमी कधी मागच्या महिन्याची असे, कधी मागच्या वर्षीची. “बरे झाले, आपल्याला आधी कळले नाही,” असे म्हणून ते कागदाची घडी करीत.

१९८२ साल उजाडले. त्या जानेवारीत मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि गिरण्या बंद पडल्या तसे कापडाचे काम भिवंडीच्या मागांकडे वळले. मुंबईत लाखो घरांची चूल थंडावली, आणि आमच्याकडे माग रात्रंदिवस चालू लागले. या गोष्टीचा बाबांना आनंद झाला नाही असे मी म्हणणार नाही. मागांवरचे कर्ज त्या वर्षी फिटले. पण गिरणीतला एक जुना स्नेही काम मागायला आमच्या दाराशी आला, त्या रात्री ते जेवले नाहीत, हेही मला आठवते. दिवसपाळीला दोन कामगार आणि रात्रपाळीला ते स्वतः, असा क्रम सात महिने चालला. पावसाळ्यात एका पहाटे ते मागापाशीच खाली बसले. अंगात ताप, छातीत कफ. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून सांगितले. अकरा दिवस ते इस्पितळात होते. पहिले चार दिवस आम्हांला कोणी काही नीट सांगेना. घरामागचे आठ माग बंद होते, आणि त्या शांततेत मला आणि ताईला झोप येत नसे.

बाबा घरी आले. हळूहळू हिंडूफिरू लागले. दिवाळी आली, भाऊबीज आली. या वर्षी एवढा प्रवास नको, असे मामाने कळवले होते. पण आईने हट्ट धरला. अर्नाळ्याला गेलेच पाहिजे, म्हणाली. बाबांना शाल गुंडाळून नेले. कागद पसरला, चौघांनी चार कोपरे धरले. त्या संध्याकाळी आई खूप जेवली. तिला असे खाताना मी पाहिले नव्हते. हाडे चोखली, करपलेले पोहे तर वेचलेच, आणि शेवटी कागदाला लागलेला मसाला बोटाने निपटून घेतला. ताई हसली. बाबाही हसले आणि म्हणाले, “अगं, दुकान काही उद्या बंद होत नाही.” ते त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलले. आई त्यावर काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून समुद्राकडे पाहत राहिली.

भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तिच्यानंतर नऊ दिवसांनी कार्तिकी एकादशी येते. त्या एकादशीला आई शेजारच्या बायकांबरोबर पंढरपूरला गेली आणि गळ्यात तुळशीची माळ घालून परत आली. इस्पितळातल्या चौथ्या रात्री ती विठ्ठलाशी बोलली होती. हे उठून बसले तर माळ घालीन, अभक्ष्य सोडीन. तेव्हापासून भाऊबीजेपर्यंत तिने कोणाला चकार शब्द कळू दिला नव्हता.

बाबांना ही गोष्ट आवडली नाही. ते देव मानणारे होते; पण त्यांना वाटे, आपल्या आजारासाठी दुसऱ्याने आपली जीभ गहाण टाकावी, हा कुठला व्यवहार? “तू माझ्यासाठी सोडलंस खरं,” ते एकदा म्हणाले, “पण मला विचारलंस का?” आई म्हणाली, “तुम्ही शुद्धीवर कुठे होतात?” यावर उत्तर नव्हते. आमच्या घरातले वाद बहुधा अशाच वाक्यांवर संपत, कारण पुढचे वाक्य बोलायला मागांच्या वर आवाज चढवावा लागे, आणि काही वाक्ये ओरडून बोलता येत नाहीत.

१९८३ ची भाऊबीज आली. ओवाळणी झाली. भुजिंगचे काय करायचे, हे कोणी बोलेना. शेवटी आईच म्हणाली, “जाऊ या की. मी काय पहिल्यांदा पाहतेय?” मामीने तिच्यासाठी वेगळी तजवीज केली होती. तोच कांदा, बटाटा, तोच मसाला, पोहे, कोंबडी नाही. वर निखारा ठेवून त्यावर तेलाची धार सोडून, झाकण घालून तिने त्या पोह्यांना धुरी दिली होती. स्वच्छ घासलेल्या डब्यात ते भरून दिले. किनाऱ्यावर आमचा कागद पसरला, आणि आई दोन हात अंतरावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आपला निराळा कागद पसरून बसली. आमच्या कागदाचा चौथा कोपरा मोकळा फडफडू लागला. मी त्यावर चप्पल ठेवली. चप्पल हलकी, ती उलटली. मग मी त्यावर दुसरी ठेवली. पलीकडे आईच्या कागदाला कोपरे चार आणि माणूस एक. तिने दोन कोपऱ्यांवर दोन गुडघे टेकले, तर पुढचे दोन उठून डब्यावर आपटू लागले.

बाबा पहिला घास हातात घेऊन तिकडे पाहत होते. त्यांनी घास खाली ठेवला. “तिचा कागद उडतोय,” असे म्हणून ते उठले, वाटेत पाण्याशी जाऊन हात धुऊन आले, आणि आईसमोर जाऊन तिच्या कागदाच्या उरलेल्या दोन कोपऱ्यांवर गुडघे टेकून बसले. मग तिथेच जेवले. आमच्या कागदावर ताई आणि मी उरलो. चौघांचे भुजिंग दोघांना! आम्ही दोन-दोन कोपरे धरून त्यावर तुटून पडलो. त्या वयात अशा गोष्टींचा विचार कोण करतो?

पुढच्या वर्षीही तसेच झाले. त्याच्या पुढच्याही. डॉक्टरांनी बाबांना तिखट-तेलकट बंद केले असावे, असे ताईचे मत. मामीचे पोहेही तितकेच तिखट होते, हे आमच्या लक्षात आले नाही. घरी कधी कोंबडी शिजे, तेव्हा बाबा दोन तुकडे खात. म्हणजे त्यांनी काही सोडले नव्हते. पण अर्नाळ्याला ते आईच्या कागदावर बसत. कोणी विचारले तर म्हणत, “वारा फार आहे.” वारा नसला तरी म्हणत.

असे एकवीस वर्षे चालले. ताईचे लग्न झाले, माझे झाले. किनाऱ्यावर कागद वाढत गेले. मामा गेला, मामेभावाने वाडी राखली, भाऊबीजेची ओवाळणीही राखली. माणसे वाढली म्हणून पुडके वाढले, पण आई-बाबांचा कागद निराळा तो निराळाच राहिला. बाबा त्यावरची बातमी अजून वाचून दाखवीत, आणि आता त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे ती अर्ध्या किनाऱ्याला ऐकू जाई. २००५ च्या उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतर तीन वर्षांनी आम्ही माग मोडीत काढले. भंगारवाल्याने लोखंडाच्या वजनावर पैसे दिले. त्या रिकाम्या पत्र्याखाली आता माझी मोटार उभी असते. पाऊस पडला की पत्रा वाजतो, आणि आई अजून चुकून मोठ्याने बोलते.

बाबांच्या वर्षश्राद्धानंतर कधी तरी मी तिला सहज म्हणालो, “डॉक्टरांनी बंद केलं नसतं, तर बाबांनी भुजिंग काही सोडलं नसतं.” आई निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. “डॉक्टरांनी काहीच बंद केलं नव्हतं,” ती म्हणाली. “मीच विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, सगळं खाऊ द्या, अंगात ताकद येईल. मला वाटलं, मी सोडलं तर माझ्या वाटचंही हे खातील. यांनी भलतंच केलं.” आणि थोड्या वेळाने, खड्यांवरून हात फिरवीत, जवळजवळ रागाने म्हणाली, “माझं अर्धं पुण्य घेऊन टाकलं त्यांनी!”

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. जगात त्यागाचे मोठे पोवाडे गातात, आणि त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. पण माणसाने एखादी वस्तू सोडली की तिच्याबरोबर आणखी काय काय सुटते, याचा हिशेब नवस बोलताना कोणी मांडत नाही. आईने कोंबडी सोडली; तिच्याबरोबर तो चौथा कोपराही सुटला. विठ्ठलाला तो नको होता, याविषयी माझी खात्री आहे. बाबांना देवाशी भांडता येईना, आईशी वाद घालता येईना. तेव्हा ते नुसते उठले आणि दोन हात पलीकडे जाऊन बसले. त्यांच्या आयुष्यातले मला माहीत असलेले सर्वांत मोठे भाषण एवढेच, आणि त्यातले शब्द तीनच: तिचा कागद उडतोय.

गेल्या भाऊबीजेला आम्ही अर्नाळ्याला गेलो होतो. आईला आता पंच्याऐंशी पुरी झाली. आगाशी २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात गेली आणि भिवंडी ठाण्यातच राहिली, याचे तिला अजून वैषम्य वाटते. “या वयात माझं माहेर परजिल्ह्यात नेलं,” ती म्हणते. मोटारीने आता वज्रेश्वरीच्या पायऱ्या चुकतात. पण तिने गाडी थांबवून खालूनच हात जोडले, आणि माझ्या नातवाला चिमाजी अप्पांचा नवस सांगितला. त्याचे लक्ष खिडकीकडे होते.

आगाशीच्या त्या वळणावर वास आला. गाडीच्या काचा बंद होत्या. आईने स्वतः काच खाली केली. सूनबाई संकोचाने म्हणाली, “आजी, तुम्हांला चालेल ना? धूर आत येईल.” आई म्हणाली, “अगं, माळ गळ्यात असते, नाकात नाही.” आणि ते वळण संपेपर्यंत डोळे मिटून बसली.

हल्ली भुजिंग चकचकीत डब्यांतून मिळते. प्रत्येकाचा डबा निराळा. ते एका परीने सोयीचे आहे. वाऱ्याची भीती नाही, कोपरे धरायला नकोत, ज्याला हवे त्याने हवे तेव्हा उठावे. पोरे डबे घेऊन पांगली. एक पाण्याशी, एक होडीवर, एक फोन पाहत सुरूखाली. मीही माझा डबा उघडला. वाफ आली. तेवढ्यात फडफड ऐकू आली. आईने पिशवीतून वर्तमानपत्र काढले होते, ते वाळूत पसरले होते, आणि मामेभावजयीने दिलेल्या पोह्यांचा डबा त्यावर ठेवून ती दोन कोपऱ्यांवर हातांनी दाबून बसली होती. गुडघे आता तिचे वळत नाहीत. पुढचे दोन कोपरे उडत होते.

मी डबा मिटून बाजूला ठेवला, पाण्याशी जाऊन हात धुतले, आणि तिच्यासमोर येऊन दोन्ही गुडघे टेकले. तिने माझ्यापुढे मूठभर पोहे सारले. त्यांत एक तुकडा धुरीत करपलेला, काळा होता. तो तिने मागे घेतला. तिला अजून तेच आवडतात.

“आज बंद आहे का गं?” मी समुद्राकडे पाहत मोठ्याने विचारले.

“चालू आहे,” ती म्हणाली. “खा. वारा फार आहे.”

माझे भुजिंग तिकडे निवत होते. मी ते निवू दिले.